भोजराजच्या नावावर शून्य पकडी

पवनीत माझ्या वयाच्या कुणालाही विचारा, कबड्डीतला डावा कोपरा कोणाचा, तर तो सांगेल भैय्यालालचा. भैय्यालाल म्हणजे मीच. स्वतःच्या तोंडानं सांगतोय म्हणून कुणी नाक मुरडेल, पण ते खोटं नाही. बाजारात आमचं किराणा दुकान होतं आणि मला तागडीपेक्षा मैदानाची ओढ जास्त. सत्तर-एकाहत्तरच्या सुमारास दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्राच, सुरू व्हायच्या, आज या गावाला, उद्या त्या गावाला. रात्री दंडारीचा नाच-नाटक, दुपारी कबड्डी. वैनगंगेच्या अलीकडच्या-पलीकडच्या मंडयांमध्ये मी एवढे हार घातले असतील की आमच्या गाईला झेंडूचा कंटाळा आला होता.

ही गोष्ट मात्र माझी नाही. ज्याचा हात धरून मी ते नाव कमावलं, त्या भोजराज सोनकुसरेची आहे. ती मलाच सांगावी लागणार, कारण त्याला विचारलं तर तो म्हणेल, "हाव, खेळत होतो थोडाबहुत," आणि चहा सांगायला उठेल.

ज्यांनी कबड्डी लांबूनच पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चढाई करणारा गडी दम घेत आपल्या अंगणात येतो, कुणाला तरी शिवतो आणि मध्यरेषेकडे परत पळतो. कोपऱ्यातला माणूस त्याच्या पायावर झेप घेतो. लोक त्यालाच पाहतात, कारण झेप दिसते. पण नुसता पाय धरून तगडा गडी थांबत नाही. तो तुम्हाला पोत्यासारखं ओढत रेषेपर्यंत नेतो, एक बोट टेकवतो आणि तुमच्याकडे पाहून हसतो. त्याच्या आणि रेषेच्या मध्ये कुणीतरी अंग घालावं लागतं. कोपऱ्याचा हात धरून साखळीत उभा राहणारा माणूस ते काम करतो. गुडघा, कोपर, टाळकं, जे येईल ते त्यानं खायचं. आमच्या बजरंग मंडळात हे खाणं भोजराजकडे होतं.

तो कोष्टी. हातमागावर बसणारी माणसं बहुतेक काटक असतात. हा मात्र रुंद, बसका, मान जवळजवळ नाहीच. त्याची बायको शकुनबाई सांगायची, लग्नानंतर पहिलं काम काय केलं असेल तर मागाखालचा खड्डा दोन वीत वाढवून घेतला, नाहीतर नवरा आत मावत नव्हता.

त्या खड्ड्यातच त्याची खरी तालीम झाली होती, हे मला फार उशिरा कळलं. मागावर विणकर काठावर बसतो आणि पाय खाली खड्ड्यात असतात, पावड्यांवर. डावी दाबली की एक सूत वर, उजवी दाबली की दुसरं. सुरुवातीला मी पकडीत फार चुकायचो. चढाईवाल्याच्या पायांकडे टक लावून बघायचो आणि तो फसवून निघून जायचा. एक दिवस भोजराज वैतागला.

"तू पायाकडे कायले पाहून राहिला बे? माग चालवताना मले माहे पाय दिसते का? खड्ड्यात असते ते. अंगालेच समजते कोणता दबला. तू गड्याच्या कमरेकडे पाह्य. ज्या बाजूनं कंबर खाली बसली, त्या बाजूचा पाय रोवला गेला. रोवलेला पाय लवकर निघत नाही. थोच धराचा."

मी प्रयत्न केला. कंबर कुठली आणि काय कुठलं, मला काही दिसेना. शेवटी त्यानंच उपाय काढला. आमचे हात साखळीत गुंतलेले असायचे. वेळ आली की तो अंगठ्यानं माझ्या मनगटावर दाब द्यायचा. आतल्या बाजूला दाबला तर डावा पाय, बाहेरच्या बाजूला दाबला तर उजवा. मी डोळे मिटून झेप घेतली असती तरी चाललं असतं. पाय माझ्या हातात यायचा आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच भोजराजची छाती समोर आडवी. गडी बाद. लोक ओरडायचे, "भैय्यालाल! भैय्यालाल!" मी हात वर करायचो. भोजराज धोतराचा काचा सारखा करत जागेवर जायचा.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो मी. पण त्या वेळी मला तसं वाटत नव्हतं. वाटायचं, डोकं त्याचं असेल, पण झेप माझीच आहे ना.

चौऱ्याहत्तर साली तुमसरकडच्या एका मँगनीजच्या खाणीनं कबड्डीचा संघ उभा करायचं ठरवलं. खेळावर नोकरी! पवनीत अशी बातमी पहिल्यांदाच आली होती. भोजराजला ती माझ्यापेक्षा जास्त हवी होती. मला दुकान तरी होतं. त्याच्याकडे माग होता आणि मागाचे दिवस भरत आले होते. सोसायटीकडून सूत कधी यायचं, कधी यायचं नाही. नागपूरला पॉवरलूमवर काम करणारा मेहुणा त्याला सारखा बोलावत होता. तिथं बारा-बारा तासांची पाळी. "एकदा तिथं गेलो का खेळ संपला माहा," तो म्हणायचा. "मले या अंगावरच पोट भराचं आहे, भैय्या. दुसरं मले काही येतबी नाही आणि दुसऱ्यात जीवबी लागत नाही."

आम्ही दोघं बरोबर गेलो. मैदानावर निवड होईल असं वाटलं होतं, पण आधी एक फॉर्म भरायचा होता. नाव, वय, वजन आणि त्याखाली, गेल्या तीन हंगामांत स्वतःच्या नावावर किती पकडी? मी लिहिलं, एकशे बारा. शेजारी भोजराज पेन्सिल तोंडात धरून विचार करत होता. मग त्यानं सावकाश एक शून्य काढलं.

हे शून्य गमतीचं नव्हतं आणि रागाचंही नव्हतं. त्यांच्या आळीचा रिवाजच तसा. उभ्या सुताचा ताणा चार घरची माणसं मिळून गल्लीत ताणतात, बायका सुताच्या कांड्या भरतात, म्हातारे गाठी मारतात, पण कापड त्याचं, ज्यानं मागावर बसून धोटा फेकला. बाकीचे आपलं नाव सांगत नाहीत. सांगितलं तर आळीत हसतात. पायाला हात भैय्यालालचा, तर पकड भैय्यालालची. त्याच्या हिशेबानं त्यानं खरं तेच लिहिलं.

मी ते शून्य पाहिलं. मला बोलता आलं असतं. फॉर्म घेणाऱ्या साहेबांना एवढंच सांगायचं होतं की माझ्या एकशे बारामध्ये हा माणूस एकशे बारा वेळा आहे. पण जागा कमी होत्या आणि मनात आलं, याला घेतलं आणि मला ठेवलं तर? मी गप्प राहिलो. यादी लागली. माझं नाव होतं. ज्याच्या नावावर एकही पकड नाही त्याला मैदानावर उतरवायचीही गरज कुणाला वाटली नाही.

परत येताना वरठी स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा त्यानंच मला पेढे घेऊन दिले. "खुश राह्य बे," म्हणाला. ते पेढे मी खाल्ले. त्याची लाज मला आजही वाटते.

खाणीत माझा थाट फार दिवस टिकला नाही. खेळाडूंना तिथं सहा-सहा महिन्यांच्या टेम्परवारी ऑर्डरी मिळायच्या. आंतर-खाण स्पर्धेची ढाल आणाल तेव्हा परमनंट करू, असा नियम. ढाल बालाघाटकडच्या एका खाणीच्या संघानं घरचीच समजून ठेवली होती. आणि इकडे माझी दशा! शेजारी नवा साखळीवाला. त्याचा हात म्हणजे नुसता हात, त्यात काही बातमी नाही. मी झेप घ्यायचो ती हवेतच. पाय हाती आला तरी पुढे कुणी नाही. गडी मला फरफटत रेषेवर घेऊन जायचा. दोन हंगामांत माझ्या गुडघ्यांची सालं निघाली आणि नावाचीही. आमचे क्रीडाधिकारी वासुदेवराव, नागपूरचे, जिभेला हाड नसलेले, एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, "एकशे बारा पकडी तू पवनीत कोंबड्यांच्या धरल्या होत्या का रे?"

शहात्तरच्या दिवाळीत घरी गेलो तर भोजराजच्या ओसरीवर ट्रंक बांधलेली. शकुनबाईनं मला पाहिलं आणि आत जाता जाता थांबली.

"भाऊजी, मंडई झाली का आमी नागपूरले चाललो. यायनं यंदा सरावच नाही केला. रोज सकाळी नदीवर जाते आणि नुसते बसून येते." मग तिनं माझ्याकडे सरळ पाहिलं. "तुमी तिथं सायबाले काही सांगतलं काहून नाही, हे मी कधी विचारलं नाही तुमाले. आजबी नाही विचारत."

तिनं विचारलं असतं तर बरं झालं असतं. भांडली असती तर मीही दोन शब्द बोललो असतो. मी तसाच निघालो, दुसऱ्या दिवशी पहिली एस.टी. धरली आणि खाणीवर वासुदेवरावांच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. सांगून टाकलं. अंगठा सांगितला, कंबर सांगितली, पावड्या सांगितल्या, शून्य सांगितलं. म्हणालो, "साहेब, त्या एकशे बारामध्ये माझे फक्त पंजे होते."

"म्हणजे दोन वर्षं आम्ही चुकीच्या माणसाला पोसलं," ते म्हणाले. "उद्या तो इथं पाहिजे. आणि तुझं म्हणणं खोटं निघालं तर एकतीस मार्चनंतर तू दुकानात. खरं निघालं तरी तू दुकानात जाशील असं मला वाटतंय."

मलाही तसंच वाटत होतं. पण तोंडातून निघून गेलं होतं, आणि खरं सांगतो, फार हलकं वाटत होतं.

भोजराज आला तो धोतर आणि बंडीवर. मैदानाभोवती पाळी सुटलेले कामगार जमले होते आणि त्यांना हा कुणी खाणीत दगड फोडायला आलेला माणूस वाटला. वासुदेवरावांनी दोन बाजू पाडल्या. मला ठेवलं एका बाजूला, माझ्या नेहमीच्या साखळीवाल्याबरोबर. भोजराजला दुसऱ्या बाजूला, आणि त्याच्या हातात हात दिला धनीरामचा. धनीराम टाइम ऑफिसात कारकून, चष्मा काढला की त्याला समोरचं माणूस आहे की खांब हे कळत नसे. संख्या भरायला त्याला संघात ठेवला होता. आणि चढाईला पाठवला बाबूलाल, आमच्या खाणीचा सगळ्यात चपळ गडी.

भोजराजनं धनीरामच्या कानात काहीतरी सांगितलं. धनीरामनं मान हलवली. कळलं नाही की माणूस जशी हलवतो तशी.

बाबूलाल हसत हसत आत गेला. डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, परत डावीकडे. एकाएकी धनीराम, कुणीतरी चिमटा काढावा तसा, पुढे पडला आणि बाबूलालचा डावा घोटा त्याच्या दोन्ही हातांत होता. बाबूलालनं हिसका द्यायला अंग वळवलं तर समोर भोजराज. भिंतीला धडकून माणूस खाली बसतो तसा बाबूलाल बसला. बाद! सगळ्यात मोठं आश्चर्य धनीरामलाच झालं होतं. तो जमिनीवर पडल्या पडल्याच विचारत होता, "कोन होय? कोन धरला मी?"

मैदानाभोवती हशा पिकला. दुसऱ्या चढाईला हशा थोडा कमी झाला. सहा चढायांत धनीरामनं बाबूलालला चार वेळा धरलं तेव्हा कुणी हसत नव्हतं, लोक "धनीराम! धनीराम!" ओरडत होते आणि तो हात वर करत होता. मी तो वर गेलेला हात पाहिला आणि मला माझा हात आठवला. इकडे माझ्या बाजूनं पाच चढाया झाल्या होत्या आणि मी एकही पाय धरून ठेवू शकलो नव्हतो.

वासुदेवराव मैदानात आले. धनीरामला बाजूला काढून कँटीनच्या आचाऱ्याला कोपऱ्यात उभं केलं. त्याचीही तीच गत: पहिल्याच चढाईत पकड. मग लोक आचाऱ्याचं नाव घेऊ लागले. वासुदेवरावांच्या हातात कागद होता, त्यावर ते कोपऱ्यावाल्यांच्या नावापुढे रेघा मारत होते. त्यांनी सगळ्या रेघांवर काट मारली आणि भोजराजच्या नावापुढे त्या पुन्हा मारायला घेतल्या. मारता मारता मला म्हणाले, "अरे, दोन वर्षं मी नाव वाचत होतो, खेळ नाही."

मग त्यांनी भोजराजला पुढे बोलावलं. "ऑर्डर तुझी आजच काढतो. मार्चपर्यंतची. ढाल आणलीस तर परमनंट. आता तुझा कोपरा तूच निवड. ज्याचा हात तुला पाहिजे तो घे, बाकीचे गेले तरी चालतील."

मी मान खाली घातली. धनीराम छाती काढून उभा होता. मला निवडायला भोजराजकडे कारण काय होतं? मी त्याची दोन वर्षं खाल्ली होती. आज त्याला कुणीही चालत होतं, हे त्यानंच सगळ्यांना दाखवून दिलं होतं. भोजराज एकेकाकडे बघत माझ्यासमोर येऊन थांबला. डोळे लाल होते त्याचे. पहिल्यांदाच मी त्याला माझ्यावर चिडलेलं पाहिलं.

"बोलाले दोन वर्ष लागले तुले," तो म्हणाला. "दोन वर्ष मी नदीवर बसून विचार करत होतो का मी खरंच काही करत होतो, का मले उगाच वाटत होतं."

मी हातानं डोळे पुसले.

"पण बोलला," तो म्हणाला. "धर हात. आणि रडू नोको, हाताले घाम येते."

त्यानंतरचे तीन महिने त्यानं मला जे राबवलं ते मैदानाला माहीत आणि माझ्या हाडांना माहीत. त्यात त्याचा राग किती आणि सराव किती, हे मी विचारलं नाही.

सत्याहत्तरच्या जानेवारीत ढालीचा अंतिम सामना आमच्याच मैदानावर झाला, प्रजासत्ताक दिनाच्या दुपारी. समोर बालाघाटकडचा संघ. शकुनबाई पवनीहून आली होती. ट्रंक अजून सोडली नव्हती तिनं, आजच्या सामन्यावर सोडायची की नागपूरला न्यायची ते ठरणार होतं. पहिला डाव त्यांचा. दुसऱ्या डावात आम्ही त्यांचे सगळे गडी बाद करून एक लोण चढवला आणि बरोबरी झाली. मग एक गुण आम्ही, एक गुण ते. शेवटचं अर्धं मिनिट उरलं तेव्हा आम्ही एका गुणानं पुढे, मैदानात आमचे तिघंच: धनीराम, मी आणि भोजराज. आणि त्यांचा सगळ्यात लांब पायांचा गडी चढाईला आला.

तो शिवून परत गेला असता तर बरोबरी, आणि बरोबरी झाली तर जुन्या विजेत्याकडेच ढाल. तो आला, सावकाश, दम घेत, मधल्या भोजराजच्या खांद्याला बोट लावून वळला. त्याच क्षणी माझ्या मनगटाच्या बाहेरच्या बाजूला दाब आला. मी झेपावलो. घोटा हातात आला आणि घामानं सुटला. सुटला! मी तोंडावर पडलो. मातीत तोंड घालून मी फक्त ऐकलं: धप् असा एक आवाज, मग खोल श्वास, मग शिट्टी.

वर पाहिलं तर रेषा एका वितीवर होती आणि तो लांब पायांचा गडी भोजराजच्या दोन्ही हातांत अधांतरी होता. पाय हवेत चालत होते आणि कुठेच पोचत नव्हते. पंचांनी हात आमच्या बाजूला केला. आम्ही जिंकलो होतो.

भोजराज एप्रिलमध्ये परमनंट झाला. पुढे शहाऐंशीपर्यंत तो खेळला, आणखी चार ढाली आणल्या, दोन वेळा दात गेले, एकदा बरगडी. त्याचा हात धरून सहा जण विदर्भाच्या संघात गेले. त्यातला एक मी, आणि एक, देवाशपथ सांगतो, धनीराम. निवृत्तीनंतर भोजराज पवनीला परत आला. सकाळी नदीकाठी पोरांना साखळी शिकवायचा.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचंच. सामना संपल्या संपल्या लोक मैदानात घुसले आणि सवयीनं मला उचलायला लागले. मी लाथा झाडल्या. "मले नाही, त्याले! त्याले उचला!" बाबूलालनं आणि मी त्याच्या एकेका मांडीला खांदा दिला. हलेना. धनीराम मागून लागला. हलेना. भोजराज ओरडत होता, "सोडा बे, पडतो मी!" मग राखीव खेळाडू धावले, आचारी आला, त्याला सोडून संघातले आम्ही अकराच्या अकरा खाली वाकलो आणि जोर लावला, तेव्हा कुठे तो वर गेला. शकुनबाई तोंडावर पदर धरून हसत होती आणि डोळे पुसत होती. फोटोवाला ओरडला, "अरे, सगळ्यांनी वर पाहा!" वर पाहायला कुणाला जमतंय?

तो फोटो आजही माझ्या दुकानात गल्ल्याच्या वर आहे. त्यात ओळखू येतो असा एकच चेहरा आहे, भोजराजचा. घाबरलेला आणि हसणारा. गिऱ्हाईक विचारतं, "भैय्यालालजी, एवढ्या मोठ्या सामन्याचा फोटो, तुमी कुठं आहा याच्यात?" मी बोट ठेवून दाखवतो: ही त्याची डावी मांडी दिसते ना, तिच्याखाली मी.